धुराचे दप्तर

शिवारातील धान्य, मिठागरातील मीठ, बंदरात उतरणारा माल आणि भट्टीत गाळली जाणारी दारू यांची मोजदाद ठेवण्यात ज्या राज्यसत्तांनी शतकानुशतके आपली बुद्धी झिजवली, त्यांच्या दप्तरांत धुराचा रकाना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोराच होता. धान्यावर हक्क सांगायला दहा जण धावतात, धुरावर हक्क सांगायला कोणी येत नाही. आणि ज्या जिनसेला धनी नाही तिचा सारा बसवायचा कोणावर? धुराड्यातून सुटला की धूर आकाशाचा झाला, ही समजूत कारखानदारांना इतकी सोयीची होती की तिला कायद्याचा आधार शोधण्याची गरजही त्यांना भासली नाही. हे खाते पुढे कोणी उघडले, त्यातील नोंदी कोणाच्या हातच्या होत्या आणि त्यांची रुजुवात कोणी व कशी केली, याचा इतिहास दीडशे वर्षांहून अधिक काळाचा असून त्याचे अलीकडचे प्रकरण पृथ्वीपासून सातशे-आठशे किलोमीटर उंचीवर लिहिले जात आहे.

पहिला रकाना इंग्लंडात आखला गेला. साबण, काच आणि कापड यांच्या धंद्यांना लागणारा सोडा लेब्लांकच्या पद्धतीने करताना मिठावर गंधकाम्ल ओतले जाई आणि त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू खुशाल हवेत सोडला जाई. त्याने लँकेशायरमधील कारखान्यांभोवतीची झाडे करपली, कुरणे वाळली, आणि ती झाडे व कुरणे बड्या जमीनदारांची असल्यामुळे प्रकरण पार्लमेंटपर्यंत पोहोचले. मजुरांच्या फुफ्फुसांनी तेवढा परिणाम साधला असता असे मला वाटत नाही. लॉर्ड डर्बी यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीनंतर १८६३ साली अल्कली कायदा झाला. या वायूपैकी शेकडा पंचाण्णव भाग कारखान्यातच पाण्यात विरघळवून अडवला पाहिजे असे बंधन त्याने घातले आणि अंमलबजावणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची मुख्य निरीक्षक म्हणून नेमणूक केली. स्मिथ आणि त्यांचे चार मदतनीस कारखान्यात जाऊन धुराड्याच्या नळीतील वायूचा नमुना काढीत आणि त्याचे पृथक्करण करीत. मालकाच्या कैफियतीवर न विसंबता सरकारी माणसाने धुराच्या मुळाशी जाऊन मोजणी करावी, ही कल्पना त्या काळी नवी होती. आणि ती थोड्याच धंद्यांपुरती राहिली, कारण देशातील प्रत्येक धुराड्यापाशी रसायनशास्त्रज्ञ उभा करणे कोणत्याच खजिन्याला परवडणारे नव्हते.

परवडणारी युक्ती फ्रान्समधून आली. मॅक्सिमिलियन रिंगेलमन नावाच्या कृषी-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने १८८८ च्या सुमारास एक तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांच्या जाळ्या, पहिल्या जाळीत वीस टक्के काळेपणा, दुसऱ्या जाळीत चाळीस टक्के, असे चढत जाऊन पाचवा चौकोन पूर्ण काळा. तक्ता काही अंतरावर टांगला की रेषा एकमेकींत मिसळून करड्या रंगाच्या छटा दिसतात. निरीक्षकाने एकदा तक्त्याकडे, एकदा धुराड्याकडे पाहायचे आणि धूर कोणत्या नंबरचा ते लिहायचे. उभ्या पिकाकडे बांधावरून पाहून मामलेदाराने आणेवारी ठरवावी, त्याच जातीची ही पाहणी होती. तिच्यात अनुभवाला जितका वाव होता तितकाच मुर्वतीलाही होता. तरीही हा तक्ता जगभर चालला, कारण तो घडी घालून खिशात मावत असे.

आपल्याकडे धुराच्या कायद्याचा मान कलकत्त्याकडे जातो. बंगालचा कायदा १९०५ चा, मुंबईचा १९१२ चा. गिरणगावातील भोंगे आणि धुराडी यांनी मुंबईचे क्षितिज १८५० च्या दशकापासून व्यापले होते. त्यांतून निघणारा काळा धूर म्हणजे पुरता न जळलेला कोळसा, अर्थात मालकाचेच नुकसान, या युक्तिवादाने पुष्कळ काम होत असे, कारण तो सरकारी दंडापेक्षा गिरणीच्या ताळेबंदाला अधिक झोंबणारा होता. १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली आणि गिरण्या एकामागून एक विजेवर गेल्या, तेव्हा धूर निवळण्यात कायद्याचा वाटा किती आणि लोणावळ्याच्या तलावांचा किती, याची वाटणी करणे अवघड होऊन बसले; मी असतो तर मोठा वाटा तलावांच्या पदरात टाकला असता.

पण तक्त्याचे मूळचे वैगुण्य निराळेच होते. डोळ्यांना काजळी दिसते. गंधक दिसत नाही. कोळशातील वा खनिजातील एक टन गंधक जळले की त्याचा सुमारे दोन टन सल्फर डायऑक्साइड होतो, आणि हा वायू वर्णहीन असल्यामुळे पांढऱ्याशुभ्र आकाशाखाली उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या वहीत त्याचा नंबर शून्यच पडायचा. या अदृश्य वायूने पहिला मोठा आंतरराष्ट्रीय खटला घडवला तो कॅनडातील ट्रेल गावी. तेथील शिसे व जस्त गाळणाऱ्या भट्टीचा वायू कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून वाहत सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील शेतांवर उतरे. शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून दोन्ही सरकारांनी १९३५ मध्ये लवाद नेमण्याचा करार केला, आणि त्या लवादाने १९३८ व १९४१ अशा दोन निवाड्यांत नुकसानभरपाई तर दिलीच, पण भट्टीवर कायमची देखरेख ठेवण्याची आणि वायूची यंत्राने अखंड नोंद ठेवण्याची व्यवस्थाही लावून दिली. एका राज्याच्या हद्दीतील धुराने दुसऱ्याच्या हद्दीत नुकसान करू नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात येथून रूढ झाले.

यावर उद्योगांनी शोधलेली तोड मोठी चतुर होती. त्यांनी धुराडी उंच केली. कॅनडातीलच सडबरी येथे निकेलच्या भट्टीसाठी १९७२ साली ३८१ मीटर उंचीचे धुराडे उभे राहिले, आणि गावातील हवा सुधारली हे नाकारता येत नाही. परंतु वायू दूरवर पसरून विरळ झाला म्हणून त्याचे वजन घटत नाही. हवेतील प्रमाण ही एक गोष्ट आणि धुराड्यातून निघालेले एकूण वजन ही दुसरी, हा भेद सामान्य वाचकाच्या नजरेतून नेहमी निसटतो, आणि पुढचा सारा इतिहास त्यावरच उभा आहे. जमिनीवरचे यंत्र पहिली गोष्ट सांगते. दुसरीसाठी सरकारे कारखान्याच्या दप्तरावर अवलंबून राहिली: किती टन कोळसा जाळला, त्यात शेकडा किती गंधक होते, गुणाकार करा आणि आकडा लिहा. या गुणाकारात चूक नव्हती. मात्र त्यातील दोन्ही आकडे कारखानदाराने पुरवलेले असत, आणि काही देशांत तेही कोणी पुरवीत नसे.

वायूचे वजन कारखानदाराला न विचारता काढण्याची विद्या प्रकाशाच्या अभ्यासातून आली, आणि तिचा मार्ग इतका आडवळणाचा आहे की तो जरा सावकाश सांगितला पाहिजे. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात वातावरणातील ओझोन मोजणारे वर्णपटमापक यंत्र बनवले. ओझोन सूर्याच्या अतिनील किरणांतील काही तरंगलांबी अधिक गिळतो आणि काही कमी. अशा दोन लगतच्या तरंगलांबींची तुलना केली की वर किती ओझोन आहे ते कळते. हेच यंत्र पुढे भारतातही आले, आणि धूळ व धूसर हवा यांमुळे त्याच्या मोजणीत फरक कसा पडतो यावर के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी १९४९ मध्ये लिहिलेला निबंध इंग्लंडच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापला गेला. मोजायचे एक आणि मध्ये येते भलतेच, ही अडचण त्या काळापासूनची आहे. ओझोनच्या बाबतीत असा मध्ये येणारा आणखी एक वायू होता. तो म्हणजे सल्फर डायऑक्साइड, जो जवळजवळ त्याच तरंगलांबींचे किरण गिळतो.

कॅनडातील बॅरिंजर कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस या अडचणीचेच साधन केले. तिने तयार केलेले ‘कोस्पेक’ नावाचे यंत्र मोटारीत ठेवून कारखान्याच्या धुराच्या पट्ट्याखालून आडवे न्यायचे. आकाशातून येणाऱ्या प्रकाशात वायूने किती तूट पाडली ते यंत्र वाटभर नोंदवी, त्या नोंदींची बेरीज म्हणजे पट्ट्याच्या एका उभ्या कापात असलेला वायू, आणि तिला वाऱ्याच्या वेगाने गुणले की दर सेकंदाला धुराड्यातून किती वायू निघतो ते हाती येई. कारखान्याच्या फाटकाआत पाऊलही न टाकता, सार्वजनिक रस्त्यावरून, त्याच्या धुराचे वजन! पण दैवगती अशी की कारखान्यांसाठी जन्मलेले हे यंत्र नावारूपाला आले ज्वालामुखींच्या सेवेत; सत्तरच्या दशकापासून भूगर्भशास्त्रज्ञांनी ते उचलले, आणि १९८० साली अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स जागा झाला तेव्हा त्याच्यावर हीच नजर रोखलेली होती.

अवकाशात नेमका याच्या उलट प्रवास झाला. ऑक्टोबर १९७८ मध्ये नासाने सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावर ‘टॉम्स’ नावाचे यंत्र होते आणि त्याचे काम ओझोनचा जागतिक नकाशा काढणे एवढेच होते. १९८२ च्या वसंतात मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्या नकाशावर ओझोनचा एक अशक्य वाटावा असा ढीग उगवला. हा ओझोन नसून ज्वालामुखीचा सल्फर डायऑक्साइड आहे हे आर्लिन क्रूगर यांनी ओळखले आणि १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. दप्तरातील एक विसंगत नोंद फेकून न देता तिचा खुलासा मागणारा कारकून आणि शास्त्रज्ञ यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. ज्वालामुखीसाठी चाललेली ही युक्ती कारखान्यांपर्यंत पोहोचायला मात्र वीस-बावीस वर्षे लागली, कारण ‘टॉम्स’ला अगदी प्रचंड ढगच दिसत.

दरम्यान जर्मनीतील यूलिख येथे उल्रिख प्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी, एकेका वायूच्या वर्णपटातील बारीक खाचाखोचा ताडून त्याला इतरांपासून वेगळा ओळखण्याची पद्धत विकसित केली, आणि १९९५ मध्ये युरोपच्या ईआरएस-२ उपग्रहावर गेलेल्या ‘गोम’ यंत्रात ती वापरली गेली. ‘गोम’चा एक ठिपका ३२० किलोमीटर लांब आणि ४० किलोमीटर रुंद होता, म्हणजे मुंबईपासून पुण्याच्या पुष्कळ पलीकडचा मुलूख एका आकड्यात. एवढ्या जाड्या लेखणीनेही काही गोष्टी उमटल्या: आंद्रेआस रिख्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले की चीनवरील नायट्रोजन डायऑक्साइड १९९६ पासून झपाट्याने वाढला आहे, तर स्टेफन बायर्ले यांना युरोप-अमेरिकेच्या शहरांवर रविवारी हा वायू घटलेला आढळला आणि इस्रायलवर शनिवारी. मनुष्याच्या सुटीचा वार आकाशातून वाचता आला.

खरा पालट घडवला तो जुलै २००४ मध्ये नासाच्या ऑरा उपग्रहावर गेलेल्या, नेदरलँड्स व फिनलंड यांनी बांधलेल्या ‘ओमी’ने. त्याचा ठिपका १३ गुणिले २४ किलोमीटरचा. सायमन कार्न आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पेरू देशातील ला ओरोया आणि इलो येथील तांब्याच्या भट्ट्या या यंत्राने पकडल्या. पण एका दिवसाच्या चित्रात सामान्य कारखान्याचा वायू यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जातो, आणि येथेच या विद्येतील सर्वांत सुंदर कल्पना पुढे आली. उपग्रहाचे ठिपके रोज थोडे सरकून पडतात. म्हणून वर्षानुवर्षांच्या चित्रांची एकावर एक सरासरी काढली की गोंगाट गळून पडतो आणि ठिपक्याच्या आकारापेक्षाही बारीक तपशील वर येतो. कॅनडाच्या पर्यावरण खात्यातील व्हिताली फियोलेतोव्ह यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील वीज केंद्रांवर हा प्रयोग केला, आणि अमेरिकाच का, तर तेथे मोठ्या केंद्रांच्या धुराड्यांत कायद्याने अखंड मोजणारी यंत्रे बसलेली होती, त्यामुळे आकाशातील आकडा जमिनीवरील आकड्याशी ताडता आला. वर्षाला सुमारे सत्तर हजार टनांहून अधिक वायू सोडणारे केंद्र वरून दिसते, असा निष्कर्ष निघाला. पुढे ही मर्यादा तीस हजारांवर आली.

त्याच वर्षी बायर्ले यांनी दुसरी गाठ सोडवली. वाळवंटात एकटेच वसलेले रियाध शहर घेऊन त्यांनी रोजची चित्रे वाऱ्याच्या दिशेनुसार निवडून वेगळी केली. शांत दिवशी नायट्रोजन डायऑक्साइड शहरावर साचलेला दिसतो आणि वाऱ्याच्या दिवशी त्याची शेपटी निघते; ती जसजशी लांब जाते तसतशी विरत जाते, आणि किती अंतरात विरली ते कळले की वाऱ्याच्या वेगावरून वायूचे आयुष्य कळते. रियाधवर ते सुमारे चार तास निघाले. हवेत असलेल्या एकूण वायूला या आयुष्याने भागले की दर तासाला किती वायू ओतला जातो ते मिळते. फियोलेतोव्ह यांनी पुढे गंधकासाठी आणखी एक पाऊल टाकले: प्रत्येक दिवसाचे चित्र धुराड्याभोवती असे फिरवायचे की वारा जणू रोज एकाच दिशेने वाहत होता, आणि मग सरासरी घ्यायची. पूर्वेचा वारा, पश्चिमेचा वारा, सारे एका रांगेत येतात. वारा येतो त्या बाजूस स्वच्छ आकाश आणि वारा जातो त्या बाजूस एकच रेखीव शेपटी उरते. रिंगेलमनच्या तक्त्यानंतर धूर मोजण्याची एवढी साधी आणि एवढी निःपक्षपाती युक्ती कोणाला सुचली असेल असे मला वाटत नाही.

या पद्धतीने २०१६ साली जगाची पहिली खातेवही तयार झाली. तीत ४९१ नोंदी होत्या: २९७ वीज केंद्रे, ५३ धातूंच्या भट्ट्या, तेल व नैसर्गिक वायूच्या धंद्यातील ६५ ठिकाणे, आणि ७६ ज्वालामुखी. मनुष्यकृत नोंदींत अग्रस्थान सायबेरियातील नोरिल्स्कला मिळाले. आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेस, १९३५ पासून कैद्यांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या या निकेलच्या नगरातून वर्षाला सुमारे वीस लाख टन सल्फर डायऑक्साइड निघत असे. शहरातील जुना निकेल कारखाना २०१६ मध्ये बंद झाला तरी नोरिल्स्कचे नाव हटले नाही. त्याच वर्षी ख्रिस मॅक्लिंडेन यांनी ही वही देशोदेशींच्या सरकारी याद्यांशी ताडली, तेव्हा जवळपास चाळीस मोठी ठिकाणे कोणत्याच यादीत नाहीत असे निघाले, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश इराणच्या आखाताभोवती एकवटलेली होती. आखातातील हा धूर कोणी मुद्दाम लपवला होता असेही म्हणता येत नाही. तो लिहिण्याचे काम कोणाकडे नव्हते, एवढेच.

भारताची नोंद या वहीत वेगळ्या कारणाने बोलकी ठरली. झिफेंग लू आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की कोळशावरील वीज केंद्रांतून निघणारा आपला सल्फर डायऑक्साइड २००५ ते २०१२ या काळात शेकडा ७१ ने वाढला. आपली मोजणी केंद्रे प्रामुख्याने शहरांत होती, आणि शहरांत हा वायू इंधन बदलल्यामुळे उतरत होता. वाढ होत होती ती सिंगरौली, कोरबा, चंद्रपूर अशा खाणींलगतच्या मुलखात, जेथे सरकारी यंत्रे विरळ. दप्तर खोटे नव्हते, ते चुकीच्या गावचे होते. भारतीय कोळशात गंधक कमी आणि राख फार, हे खरे आहे, आणि या कारणावर धुराड्यातील गंधक धुऊन काढणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न अनेक वर्षे टाळला गेला. परंतु चंद्रपूरसारख्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्रात रोज जळणाऱ्या कोळशाच्या राशीपुढे टक्क्यांचा कमीपणा फार काळ टिकत नाही. चीनने याच काळात कोळसा वाढवीत असतानाही ती यंत्रणा बसवली आणि चालवली. २००७ पासून दहा वर्षांत त्याचा गंधकवायू पाऊण हिश्श्याने उतरला आणि भारताचा निम्म्याने चढला, असे ‘ओमी’च्याच आकड्यांवरून कान ली व सहकाऱ्यांनी २०१७ साली लिहिले.

महाराष्ट्राला या बाबतीत एक अपवाद नोंदवता येतो, आणि तो उपग्रहाच्या आधीचा आहे. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांशेजारी ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले; त्याने गंधक धुण्याच्या यंत्रणेचा आग्रह वर्षानुवर्षे सोडला नाही आणि २००७ साली ती सुरू झाली. देशाच्या इतर केंद्रांना तसे मानदंड डिसेंबर २०१५ मध्ये लागू झाले, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली.

उपग्रहाच्या आकड्यालाही अजमासच म्हटले पाहिजे. ‘ओमी’सारखी यंत्रे दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. ढग असतील तर ती आंधळी, म्हणून आपल्या पावसाळ्याचे बहुतेक दिवस हिशेबात येतच नाहीत, आणि नोरिल्स्कच्या ध्रुवीय रात्रीत तर सूर्यच नसतो. वाऱ्याचा वेग आणि वायूचे आयुष्य यांत झालेली चूक थेट उत्तरात उतरते. एकाच आवारात दाटीने उभे असलेले छोटे रासायनिक कारखाने वेगवेगळे ओळखू येत नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये गेलेल्या ‘ट्रोपोमी’चा ठिपका साडेतीन गुणिले सात किलोमीटरचा, पुढे त्याहून लहान, त्याच्यामुळे बायर्ले यांना २०१९ मध्ये रियाधमधील वीज केंद्रे एकेक वेगळी दाखवता आली, आणि २०२३ साली निघालेल्या खातेवहीच्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदींची संख्या ७५९ झाली.

दिवसातून एकदाच पाहण्याची उणीव आता भूस्थिर उपग्रह भरून काढू लागले आहेत. दक्षिण कोरियाने फेब्रुवारी २०२० मध्ये सोडलेले ‘जेम्स’ हे यंत्र आशियाकडे दिवसा दर तासाला पाहते. त्याच्यासाठी आखलेले क्षेत्र पूर्व रेखांश ७५ अंशांपासून १४५ अंशांपर्यंत आहे. मुंबई आणि डहाणू ७३ अंशांच्याही अलीकडे असल्यामुळे त्या रेषेबाहेर राहतात. कोराडी आणि चंद्रपूर ७९ अंशांवर, म्हणजे आत येतात.